‘ताबा’, ‘पश्चात’ आणि ‘कल्याण’ : अपत्यविषयक न्यायनिर्णयांच्या परिभाषेचा विचार

पतिपत्नी विभक्त होऊ लागली म्हणजे त्यांच्यातील पैशाच्या, घराच्या व दागिन्यांच्या वादाला कायद्याच्या भाषेत उत्तर सापडते. परंतु मूल कोणाकडे राहावे या प्रश्नाला उत्तर देताना त्याच भाषेची फार ओढाताण होते. ही ओढाताण विधिशास्त्राच्या अभ्यासकांनी पुष्कळ वेळा दाखविली आहे. भाषेच्या बाजूने मात्र तिचा विचार क्वचितच झाला आहे, आणि मराठीच्या बाजूने तर जवळजवळ नाहीच. वस्तुतः तो होणे अगत्याचे आहे. २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने महाराष्ट्रातील कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी ठरली. ठाणे येथील कौटुंबिक न्यायालयात किंवा कल्याणच्या न्यायालयात जो अर्ज येतो, जी जबानी होते आणि जो आदेश निघतो, त्यांतील निर्णायक शब्द मराठी असतात, निदान मराठी असावेत अशी अपेक्षा असते. पण ज्या कायद्यांवर हे सारे उभे आहे ते इंग्रजीत घडले आहेत. सन १८९० चा पालक आणि पाल्य अधिनियम, १९५५ चा हिंदू विवाह अधिनियम, १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९८४ चा कौटुंबिक न्यायालये अधिनियम, २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा अधिनियम : या प्रत्येकाच्या दाराने मुलाविषयीचा अर्ज आत येऊ शकतो. दारे अनेक असली तरी शब्द थोडेच आहेत, आणि त्या थोड्या शब्दांवर फार मोठा भार पडलेला आहे.

त्यांतील पहिला शब्द ‘ताबा’. अधिकृत परिभाषेने त्यास ‘अभिरक्षा’ असा पर्याय दिलेला आहे, परंतु तो छापील अधिनियमातच राहिला. वकील, पक्षकार, वृत्तपत्रे, एवढेच नव्हे तर आदेश लिहिणारा लिपिकही ‘मुलाचा ताबा’ असेच म्हणतो. ‘ताबा’चे मूळ अरबी ‘ताबिअ’ म्हणजे मागून चालणारा, अनुयायी या शब्दात आहे. ‘ताबेदार’ हे त्याच कुळातले. मराठीत येऊन तो अंमल व कबजा या अर्थांवर स्थिरावला आणि शेतीच्या व घरांच्या व्यवहारात रूढ झाला. आज त्याचे दोन प्रयोग स्पष्टपणे वेगळे दिसतात. ‘रागावर ताबा’, ‘वाहनावरील ताबा सुटला’ येथे ‘वर’ हे शब्दयोगी अव्यय येते व अर्थ नियंत्रणाचा असतो. ‘जमिनीचा ताबा’, ‘सदनिकेचा ताबा’ येथे षष्ठी येते व अर्थ कबजाचा असतो. मुलाच्या बाबतीत न्यायालये नेमका दुसरा प्रयोग उचलतात. मुलाची विभक्ती आणि सदनिकेची विभक्ती एकच झाली, हा दोष न्यायाधीशांचा नव्हे. शब्द निवडला की त्याचे व्याकरण त्याच्याबरोबर येतेच.

या व्याकरणाचा आणखी एक परिणाम आहे. ‘मुलाचा ताबा आईला दिला’ या वाक्यात मूल हे कर्ताही नाही आणि कर्मही नाही. ते कर्माचे केवळ विशेषण झाले आहे. देणारे न्यायालय, घेणारी आई, दिला जाणारा तो ताबा. याउलट ‘सांभाळणे’ हे क्रियापद घ्यावे. ‘आई मुलाला सांभाळते’ यात मूल निदान वाक्याच्या अंगणात तरी येते. दोन शब्दांतील खरा भेद मात्र काळाचा आहे. ताबा देणे ही एका क्षणी पुरी होणारी क्रिया होय. तो दिला की दिला. सांभाळ कधीच पुरा होत नाही, तो रोज करावा लागतो. न्यायालयाला ‘ताबा’ या शब्दाचे आकर्षण का वाटते याचे कारण येथेच सापडते. ज्याची अंमलबजावणी बेलिफामार्फत होऊ शकते असाच आदेश न्यायालय देऊ शकते, आणि सांभाळाची अंमलबजावणी बेलिफामार्फत होत नाही. तेव्हा हा शब्द काढून टाकावा असे म्हणणे सोपे असले तरी शहाणपणाचे नाही. त्याच्या मर्यादा ओळखून तो वापरला जातो की नाही, एवढेच पाहावयाचे.

मराठी बोलीत ही मर्यादा आधीच आखलेली आहे, ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या ध्यानात आलेली दिसत नाही. ‘मला दोन मुले आहेत’ आणि ‘माझ्याकडे दोन मुले आहेत’ ही वाक्ये कोणताही मराठी भाषक एकमेकांच्या जागी वापरणार नाही. पहिल्यात चतुर्थी आहे आणि ती नाते सांगते. मूल परदेशी असो, रुसून गेलेले असो, ती बदलत नाही. दुसऱ्यात ‘कडे’ आहे आणि ते तूर्तचे राहणे सांगते. शेजारीण दुपारपुरती मुले सांभाळत असेल तरी ‘माझ्याकडे दोन मुले आहेत’ असे म्हणेल. डोंबिवलीच्या चाळीत किंवा ठाण्याच्या घोडबंदर मार्गावरील इमारतीत जेव्हा नातेवाईक ‘मुलगा कोणाकडे राहणार?’ असे विचारतात तेव्हा ते दुसऱ्याच गोष्टीविषयी विचारीत असतात. पहिलीविषयी प्रश्नच उद्भवत नाही. कायद्याला पालकत्व आणि ताबा यांतील जो भेद परिभाषेने पुन्हा पुन्हा समजावून सांगावा लागतो, तो मराठीने दोन प्रत्ययांत ठेवलेला आहे. गोव्यातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या रोक्सान शर्मा विरुद्ध अरुण शर्मा या खटल्यात (२०१५) न्यायमूर्ती विक्रमजित सेन यांना हा भेद मांडण्यासाठी कोशांचा आधार घ्यावा लागला, कारण आपल्या अधिनियमांत ‘ताबा’ या संज्ञेची व्याख्याच नाही. व्याख्या नसलेला शब्द व्यवहारातील अर्थ घेऊन चालतो. आणि व्यवहारात ताबा म्हणजे जमीन.

जमिनीच्या रूपकाचे खरे मोल पुढे द्यावे लागते. जमिनीच्या व्यवहारात वहिवाटीला बळ असते. जो कसतो, दीर्घकाळ कसतो, त्याची बाजू बळावत जाते. विभक्त झालेल्या दांपत्यापैकी ज्याच्याकडे पहिल्या दिवशी मूल असते त्याला न्यायालय बहुधा ‘तात्पुरता ताबा’ देते, कारण चालू शाळा, सवयीचे घर आणि ओळखीची माणसे यांपासून मुलाला उपटून काढणे बरे नव्हे. हा विचार योग्यच आहे. परंतु खटला दोन-चार वर्षे रेंगाळला की तोच तात्पुरता ताबा वहिवाटीसारखा वागू लागतो. अंतिम निर्णयाच्या वेळी ‘मुलाचे स्थैर्य’ म्हणून जे पुढे येते ते अनेकदा न्यायालयाच्याच विलंबाने घडविलेले असते. पुष्कळ पक्षकारांना हे गणित ठाऊक असते. म्हणूनच नोटीस जाण्याआधी मूल माहेरी नेणे किंवा शाळेतून परस्पर घेऊन जाणे असे प्रकार घडतात. मुलाला कोणाजवळ शांत झोप लागते हा प्रश्न मग मागे पडतो आणि प्रथम कबजा कोणाचा हा पुढे येतो. मूल म्हणजे चीजवस्तू नव्हे, आईबापांचे खेळणेही नव्हे, हा विचार सर्वोच्च न्यायालयाने रोझी जेकब खटल्यात १९७३ सालीच मांडला आहे, आणि तेव्हापासून तो असंख्य निर्णयांत उद्धृत होत आला आहे. तो इतक्या वेळा सांगावा लागतो यावरूनच शब्दाची ओढ कोणत्या दिशेस आहे हे कळते.

जमिनीइतकीच दुसरी एक ओढ आहे, ती तुरुंगाची. सन १८९० च्या अधिनियमाचे २५ वे कलम पाहावे. पाल्य पालकाच्या ताब्यातून निघून गेला किंवा नेला गेला तर तो ‘परत’ आणण्याचा आदेश द्यावा, आणि त्या आदेशाच्या अंमलबजावणीसाठी पाल्यास अटक करवून पालकाच्या हवाली करता येईल, असे ते सांगते. अटक पळवून नेणाऱ्यास नव्हे, पाल्यास. व्यवहारात कोणी न्यायाधीश ही भाषा शब्दशः अमलात आणीत असेल असे मानण्याचे कारण नाही. पण कलम आजही त्याच शब्दांत उभे आहे. ‘परत’ या क्रियाविशेषणातही एक गृहीत दडले आहे : मूल पूर्वी अर्जदाराजवळ होते. ज्या पित्याने जन्मापासून मुलाला जवळ घेतलेलेच नाही त्यालाही याच कलमाखाली ‘परत’ मागता यावे यासाठी न्यायालयांनी, प्रत्यक्ष नसला तरी कायद्याने मानलेला ताबा अशी कल्पना वापरली. गृहीत खोटे ठरू नये म्हणून वस्तुस्थितीलाच कल्पिताची जोड दिली गेली, असे याचे वर्णन करता येईल.

आणि जेव्हा हे कलम पुरेसे जलद वाटत नाही तेव्हा पक्षकार उच्च न्यायालयात जो अर्ज करतात त्याचे नाव ‘बंदीप्रत्यक्षीकरण’. मराठीत ‘देहोपस्थिती’ असा दुसराही शब्द आहे आणि मुलाच्या बाबतीत तो अधिक सौम्य ठरला असता; पण रूढ झाला तो पहिला. तेजस्विनी गौड विरुद्ध शेखर तिवारी हा महाराष्ट्रातील खटला (२०१९) या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. आईच्या दुर्धर आजारात तान्हे मूल तिच्या बहीणभावंडांनी सांभाळले, आई गेली, पित्याने मागणी केली, उच्च न्यायालयाने मूल पित्याच्या स्वाधीन करण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. निर्णय कदाचित बरोबरच असेल. पण मायेने वाढविणाऱ्या मावशीच्या घराला जी संज्ञा लागू करून हा निर्णय झाला ती ‘बंदी’ची आहे. कायद्याने ज्यांच्याकडे अधिकार नाही त्यांच्या कडेवरचे मूल बेकायदा अटकेत आहे असे धरल्यावाचून हे दार उघडतच नाही. मुस्लिम व्यक्तिगत कायद्यातील ‘हिजानत’ या शब्दाशी ही परिभाषा ताडून पाहावी. लहान वयात मूल जवळ ठेवण्याचा आईचा अधिकार त्या शब्दाने सांगितला जातो आणि त्याचे मूळ अरबी ‘हिज्न’ म्हणजे ऊर, कुशी असे आहे. मिळकतीचे व व्यक्तीचे पालकत्व सांगणारा ‘विलायत’ हा शब्द निराळा. म्हणजे भिवंडीतील एखाद्या खटल्यात जो शब्द येतो त्याला कुशी आठवते आणि शेजारच्या कल्याणातील खटल्यात जो येतो त्याला शेत आठवते. शब्दाच्या व्युत्पत्तीने निकाल ठरत नाहीत, हे खरेच. तरी कोणत्या गोष्टीचे नाव एखाद्या अधिकाराला द्यावेसे वाटले, याला अर्थ असतो.

आता ‘पालक’ या शब्दाकडे वळावे. येथे प्रश्न केवळ रूपकाचा नाही. एका अव्ययाने अर्धशतक कोट्यवधी मातांचे स्थान ठरविले होते. ‘पालक’ हा शब्द शाळेत आणि कायद्यात दोन निरनिराळ्या अर्थांनी नांदतो. शाळेतील ‘पालक सभा’ म्हणजे आई किंवा बाप, जो येईल तो. आणि ठाण्या-डोंबिवलीच्या शाळांत बहुधा आईच येते, प्रगतिपुस्तकावर ‘पालकांची सही’ या शब्दांपुढे तिचीच सही असते. कायद्यातील ‘पालक’ मात्र मुलाच्या शरीराची किंवा मिळकतीची जबाबदारी वाहणारा अधिकारी होय. सन १९५६ च्या अधिनियमाचे सहावे कलम हिंदू अज्ञान मुलाचा नैसर्गिक पालक सांगते : पिता, आणि त्याच्यानंतर माता. (पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यतः मातेकडे असावा असे त्याला परंतुक आहे, त्याचा विचार पुढे येईल.) ‘त्याच्यानंतर’ याचा अर्थ ‘त्याच्या मरणानंतर’ असाच अनेक वर्षे घेतला गेला. शाळेच्या वहीत सही करणारी बाई कायद्याच्या दृष्टीने पती जिवंत असेतो पालक नव्हतीच.

या वाचनाला पहिला मोठा तडा गेला तो विदर्भातल्या शेतजमिनीच्या एका वादात. जिजाबाई गजरे विरुद्ध पठाणखान या खटल्यात (१९७०) मुलीची जमीन आईने खंडाने दिलेली होती, आणि ती देण्याचा आईला अधिकार होता काय असा प्रश्न होता, कारण पिता जिवंत होता. परंतु तो कित्येक वर्षे विभक्त राहात होता आणि मुलीच्या कारभारात त्याने कधी लक्ष घातले नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की त्या विशिष्ट परिस्थितीत पिता नसल्यासारखाच धरावा व मातेस नैसर्गिक पालक मानावे. येथे ‘नंतर’ या शब्दाला हात लावलेला नाही. पित्यालाच वाक्यातून काढून ठेवले आहे.

गीता हरिहरन विरुद्ध भारतीय रिझर्व्ह बँक या खटल्यात (१९९९) शब्दालाच हात घातला गेला. लेखिका गीता हरिहरन यांनी १९८४ साली आपल्या अज्ञान मुलाच्या नावे रोखे घेण्यासाठी अर्ज केला. पतीची त्यास संमती होती. तरी बँकेने पित्याच्या सहीचा अर्ज किंवा सक्षम अधिकाऱ्याचे पालकत्वाचे प्रमाणपत्र मागितले. त्यांनी कलमाच्या घटनात्मकतेलाच आव्हान दिले. न्यायालयाने कलम रद्द केले नाही. त्याने असे ठरविले की ‘नंतर’ याचा अर्थ ‘पित्याच्या हयातीनंतर’ असाच घेण्याचे कारण नाही. ‘पित्याच्या अनुपस्थितीत’ असाही तो होतो, आणि अनुपस्थिती म्हणजे केवळ देहाने नसणे नव्हे. पिता पूर्णपणे उदासीन असेल, परस्परसंमतीने मूल सर्वस्वी मातेकडे असेल, आजारपणामुळे किंवा दूर असल्यामुळे त्याला काही करणे शक्य नसेल, तर तीही अनुपस्थितीच.

टीकाकारांनी या अर्थनिष्पत्तीला कसरत म्हटले आहे, आणि इंग्रजी शब्दाच्या बाबतीत ती काहीशी तशी आहेही. पण मराठीच्या अभ्यासकाला येथे निराळेच काही दिसते. ‘माझ्या पश्चात घराकडे लक्ष ठेवा’ हे वाक्य गावाला निघालेला मनुष्यही म्हणतो आणि मृत्युपत्र करणाराही म्हणतो. ‘पश्चात’ या अव्ययात अनुपस्थिती आणि मृत्यू हे दोन्ही अर्थ जोडीने नांदत आले आहेत. प्रसंगावरून कोणता ते ठरते. ‘मागे’ हाही तसाच : ‘त्याच्या मागे बायकोने संसार केला’ यातील ‘तो’ गेलेला असेल किंवा नोकरीसाठी परगावी असेल. ‘माघारी’ मात्र निव्वळ अनुपस्थितीचा. म्हणजे जो अर्थ काढण्यासाठी न्यायालयाला १९९९ पर्यंत यावे लागले, तो मराठी मजकुरात ‘पित्याच्या पश्चात माता’ एवढ्याने आपोआप आला असता. आणि ‘पित्यानंतर माता’ असे लिहिले तर तो पुन्हा हरवतो. भाषांतर करताना या दोहोंतील निवड बिनमहत्त्वाची वाटते. ती तशी नाही.

तथापि या विजयाचे माप नीट घ्यावयास हवे. नवा अर्थ स्वीकारला तरी क्रम तोच राहिला. आई पालक होते ती बाप कोणत्या ना कोणत्या अर्थाने नसताना. दोघे उपस्थित असताना, दोघेही मुलावर जीव टाकीत असताना, ती कोण? या प्रश्नाला ‘नंतर’चा कोणताच अर्थ उत्तर देऊ शकत नाही, तेथे ‘आणि’ हवे. विधी आयोगाने मे २०१५ मधील २५७ व्या अहवालात मातापित्यांना समान स्थान देण्याची आणि संयुक्त ताब्याची तरतूद करण्याची शिफारस केली, पण सहाव्या कलमातील शब्द जसेच्या तसे आहेत. महाराष्ट्र शासनाने मात्र १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी स्वतःचे, मग आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव असा क्रम शासकीय नोंदींसाठी ठरविला. म्हणजे त्या मुलाच्या नावात आई वडिलांच्या आधी आणि कायद्याच्या कलमात नंतर अशी स्थिती आहे.

‘सामान्यतः’ या तिसऱ्या शब्दाची गोष्ट ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या पक्षकारांना विशेष जवळची आहे. सन १८९० च्या अधिनियमाच्या नवव्या कलमाप्रमाणे मुलाच्या शरीराविषयीचा अर्ज, मूल ‘सामान्यतः जेथे राहते’ तेथील न्यायालयात करावा लागतो. सन १९५६ च्या परंतुकाप्रमाणे पाच वर्षांखालील मूल ‘सामान्यतः’ मातेकडे असावे. इंग्रजीत दोन्ही ठिकाणी शब्द एकच, कार्ये दोन. पहिल्यात तो वस्तुस्थितीचे वर्णन करतो : मूल एरवी कोठे असते? दुसऱ्यात तो दंडक घालून देतो : सबळ कारण नसेल तर असेच करावे. मराठीत ‘एरवी’ आणि ‘सहसा’ यांच्यात हा भेद थोडाफार दिसतो. ‘तो एरवी आजीकडे असतो’ हे वर्णन, ‘लहान मुलाला सहसा आईपासून तोडू नये’ हा दंडक. ‘सामान्यतः’ हा संस्कृत शब्द दोन्ही झाकून टाकतो. रोक्सान शर्मा खटल्यात हेच घडले होते. मूल दोन वर्षांच्या आतबाहेरचे. गोव्यातील दिवाणी न्यायालयाने अंतरिम ताबा आईला दिला, उच्च न्यायालयाने तो फिरविला. सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा आदेश रद्द करताना स्पष्ट केले की कोवळ्या वयात आईची योग्यता सिद्ध करण्याचा भार आईवर नाही. ती अयोग्य आहे हे पित्याने दाखवावयाचे आहे. ‘सामान्यतः’चा अर्थ त्याने वर्णनाकडून दंडकाकडे नेला.

पहिल्या ‘सामान्यतः’चा घोळ मात्र रोजचा आहे. २०११ च्या जनगणनेत ठाणे महानगरपालिकेची लोकसंख्या १८ लाखांवर आणि कल्याण-डोंबिवलीची १२ लाखांवर होती. ही शहरे आगगाडीने एकमेकांस आणि मुंबईस जोडलेली आहेत, आणि येथील कुटुंबेही तशीच जोडलेली आहेत. सासर ठाण्यास, माहेर डोंबिवलीस, नोकरी मुंबईस. आईबाप दोघे कामावर म्हणून मूल दिवसभर आजीकडे, शनिवार-रविवार स्वतःच्या घरी. असे मूल ‘सामान्यतः’ कोठे राहते? रुची माजू खटल्यात (२०११) सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न निव्वळ कायद्याचा नसून वस्तुस्थितीचाही आहे, म्हणून पुराव्यावरून ठरवावा असे म्हटले. तो ठरेपर्यंत अर्ज मुलाच्या प्रश्नाशी पोहोचतच नाही. घराचा पत्ता सांगणारा शब्द जेथे माणसांचे राहणेच दोन पत्त्यांचे आहे अशा प्रदेशात आला की काय होते, याचा हा नमुना आहे.

‘कल्याण’ या शब्दाविषयी थोडेच सांगण्यासारखे आहे. (ज्या न्यायालयात तो रोज लिहिला जातो त्याच्या शहराचेही नाव तेच असावे हा केवळ योगायोग.) मुंबई उच्च न्यायालयाने सरस्वतीबाई वेद विरुद्ध श्रीपाद वेद या १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या निर्णयात म्हटले की पित्याचे कल्याण नव्हे, मातेचेही नव्हे, अज्ञान मुलाचे आणि केवळ त्याचेच कल्याण सर्वोपरी होय, हाच विचार पुढे १९५६ च्या अधिनियमाच्या तेराव्या कलमात आला. अलीकडच्या निर्णयांत त्याच्या जोडीला ‘सर्वोत्तम हित’ हा शब्दप्रयोग दिसतो. तो बालहक्कांच्या १९८९ च्या आंतरराष्ट्रीय करारातून आला, ज्यात भारत १९९२ मध्ये सहभागी झाला. ‘कल्याण’ दुसऱ्याने करावयाचे असते; ‘हित’ ज्याचे त्याला सांगता येते, निदान विचारता तरी येते. शब्द बदलला आहे, विचारण्याची रीत तितकी बदललेली नाही.

त्याच्या आधी ‘चारित्र्य’ या शब्दाची नोंद करणे भाग आहे. पालक नेमताना त्याची वर्तणूक व पात्रता पाहावी असे १८९० च्या अधिनियमाचे १७ वे कलम सांगते. तेथील इंग्रजी शब्द व्यापक आहे. त्यात प्रामाणिकपणा, व्यसन, रागीटपणा, जबाबदारीची जाणीव हे सारे येते. मराठीत त्याचा ‘चारित्र्य’ झाला की पुरुषाच्या बाबतीत तो बराचसा व्यापकच राहतो, स्त्रीच्या बाबतीत मात्र एकाच गोष्टीपुरता आक्रसतो. ‘चारित्र्यावर संशय’ हे शब्द उच्चारले की कोणाच्या व कसल्या, हे विचारावे लागत नाही. परिणामी पत्नीविषयीचा आरोप आपोआप मातेविषयीचा आरोप होऊन बसतो. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये हा दुवा तोडला : व्यभिचार हे घटस्फोटाचे कारण होऊ शकेल, मुलाचा ताबा नाकारण्याचे ते कारण नव्हे, पत्नी म्हणून उणी ठरलेली स्त्री माता म्हणून उणी ठरत नाही. मराठीतील आदेश लिहिताना येथे ‘वर्तणूक’ हाच शब्द वापरला जाईल तर बरे.

राहिले मूल. कायद्याच्या मराठीत ते ‘अज्ञान’ आहे. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर ‘अ. पा. क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता ही अक्षरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हा शब्द खटकत नाही. पण ज्याला काही कळत नाही तो अज्ञान, हा त्याचा रूढ अर्थ विसरला जातो असेही नाही. आणि याच ‘अज्ञाना’ला, ते विचारपूर्वक पसंती सांगण्याइतके मोठे असेल तर, त्याची पसंती विचारण्याची मुभा १७ वे कलम देते. कौटुंबिक न्यायालयात त्यासाठी समुपदेशक असतात; न्यायाधीश आपल्या दालनात मुलाशी एकांतात बोलतात. सन १९८४ च्या अधिनियमाने साक्षीची सविस्तर नोंद आवश्यक ठेवलेली नाही, सारांश पुरतो. मोठ्यांच्या साक्षीला सारांश पुरेल. मुलाच्या बोलण्यात मात्र पुष्कळदा प्रत्ययच महत्त्वाचा असतो. ‘तुला कोण आवडते?’ आणि ‘तुला कोणाकडे राहायचे?’ हे दोन प्रश्न एक नव्हेत, आणि सारांशात ते सहज एक होतात. ‘आईकडे’ या उत्तरात आवड असेल, शाळा असेल, आजी असेल, किंवा बाहेर बसलेल्या आईची भीती असेल. विवेक सिंह विरुद्ध रोमानी सिंह या खटल्यात (२०१७) सर्वोच्च न्यायालयाने, एका पालकाच्या सहवासात दुसऱ्याविषयी मुलाचे मन कलुषित केले जाण्याच्या शक्यतेची दखल घेतली. तेव्हापासून मुलाच्या ‘नको’कडे संशयाने पाहण्याची प्रवृत्ती वाढली आहे. ती कधी योग्य असते, कधी मुलाचे खरेच भय झाकून टाकते. केवळ सारांश हाती असेल तर या दोहोंत भेद करणे वरच्या न्यायालयास शक्य होत नाही.

ज्याच्याकडे मूल राहात नाही त्याच्यासाठी ‘भेट’ हा शब्द आहे. शनिवारी इतक्या वाजल्यापासून इतक्या वाजेपर्यंत, न्यायालयाच्या आवारात किंवा ठरलेल्या जागी. ‘भेट’ हा शब्द गोड आहे, परंतु आईबाप मुलाला ‘भेटत’ नसतात. भेटतात ते पाहुणे. यशिता साहू खटल्यात (२०२०) सर्वोच्च न्यायालयाने भेटीखेरीज दूरध्वनी व दृक्श्राव्य माध्यमांतून होणाऱ्या ‘संपर्का’चा अधिकार वेगळा सांगितला आणि मुलाला दोघांचाही सहवास मिळावा यावर भर दिला. दोघे एकाच आगगाडीच्या मार्गावर राहात असतील तर याची व्यवस्था करणे फारसे अवघड नाही. ठाण्याहून डोंबिवली ही काही परदेशाची वाट नव्हे. अवघड आहे ते लिहिणे. ‘तुला कोणाकडे राहायचे?’ या प्रश्नाला मूल जर ‘दोघांकडे’ असे म्हणाले, तर ते उत्तर नोंदविण्यास ‘ताबा’ या शब्दाजवळ जागा नाही. तो एका वेळी एकाचाच असतो, आणि ‘संयुक्त ताबा’ म्हटले की पुन्हा सामाईक जमिनीचाच हिस्सा डोळ्यांपुढे येतो. ‘दोघांकडे’ या शब्दाचा सारांश बहुधा ‘मुलाने निश्चित पसंती सांगितली नाही’ असा होतो. वस्तुतः त्याने ती सांगितलेली असते.